सोमवारचं वजन

५ जानेवारी, रविवार

आज दुपारच्या जेवणात पाव खाल्ला. राजरोस, ताटात घेऊन, बायकोच्या समोर. गेले चार महिने पाव, भात, बटाटा आणि साखर यांना आमच्या घरात थारा नव्हता, निदान बायकोच्या देखत तरी. बेकरीच्या मागच्या गल्लीत माझं काय चाललं होतं ते तिला ठाऊक नाही, असं मी धरून चालतो.

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, रोज काय खाल्लं ते वहीत लिहीत जा. मी एकदा लिहायला बसलो की पावावर थांबणारा माणूस नाही, तेव्हा सगळंच लिहितो.

तर हकीकत अशी. माझ्या ताईच्या दोन्ही किडन्या दीड वर्षापूर्वी बसल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिला डायलिसिसला न्यावं लागतं. माझी किडनी तिला जुळते आणि मी द्यायला तयार आहे. घोडं अडलंय माझ्या पोटापाशी. सर्जनबाईंनी स्वच्छ सांगितलं, वजन अठ्ठ्याऐंशीच्या खाली आणा, त्याशिवाय मी टेबलावर घेणार नाही. म्हणून मी पाव-भात बंद करायचं खूळ डोक्यात घेतलं. सकाळी अंडी, दुपारी मांस, रात्री चीज, कंटाळा आला की पुन्हा अंडी. अठ्ठ्याण्णववरून दोन महिन्यांत एकोणनव्वदवर आलो आणि भेटेल त्याला व्याख्यानं देत सुटलो. पुढच्या दोन महिन्यांत पाच किलो परत आले आणि व्याख्यानं बंद झाली.

परवा इस्पितळात हे सगळं कबूल केलं. सर्जनबाई म्हणाल्या, "बरं झालं सोडलंत. एवढं मांस-अंडी खाऊन तुमच्या किडनीच्या तपासण्या मला नीट वाचता यायच्या नाहीत. आणि उरलेल्या एकीवर तुम्हाला पुढची तीस-चाळीस वर्षं काढायची आहेत. आयुष्यभर जमेल असं काहीतरी खा."

आहारतज्ज्ञ बाईंनी तीन कागद पुढे ठेवले. एकात ताटाचे भाग पाडलेले, अर्धं ताट भाज्यांचं, चौथा भाग भात किंवा पाव, उरलेलं डाळ, अंडी किंवा मासे. दुसऱ्यात खाण्याचे तास ठरवून दिलेले. तिसऱ्यात प्रत्येक घासाचा हिशेब. मी विचारलं, यातला कोणता चांगला. त्या म्हणाल्या, "तापाने पडलात, घरी पाहुणे आले, बायकोशी वाजलं, तरी ज्याला चिकटून राहाल तो. एक घ्या आणि तीन महिने बदलू नका." मी ताटाचा घेतला. सोपा दिसला म्हणून.

६ जानेवारी, सोमवार

चौऱ्याण्णव. इथून सुरुवात.

आमचं दुकान वजनकाट्यांचं. आम्ही काटे दुरुस्त करतो, तपासून खात्रीचा शिक्का देतो. किराणावाले, सोनार, औषधवाले, गोदामवाले, सगळ्यांचे काटे आमच्याकडे येतात. दुकान वडिलांचं. वरच्या दोन खोल्यांत ताई राहते, खाली दिवसभर मी असतो. ताई आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहाचा होतो आणि ती चौदाची, तेव्हापासून माझी आई तीच. वडिलांनी काम दोघांनाही शिकवलं, पण तिचा हात माझ्याहून हलका. सोनारांचे नाजूक काटे आजारी पडेपर्यंत तीच लावायची. आता खुर्चीवर बसून तपासणीचं रजिस्टर लिहिते.

दुकानाच्या कोपऱ्यात वडिलांचा उभा काटा आहे. खाली लोखंडी पाट, वर खांबावर आडवी दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. काम नसताना दांडी हलू नये म्हणून कडी लावलेली असते. पाटावर चढायचं, कडी काढायची, वजन सरकवत न्यायचं आणि दांडी मध्ये थांबली की आकडा वाचायचा. घरातला बॅटरीवाला डबा मी मानत नाही, तो कधीच बायकोच्या भावाला देऊन टाकला. दर सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आत या काट्यावर चढायचं, ताईने रजिस्टरच्या मागच्या पानावर आकडा लिहायचा, असं ठरलं.

१३ जानेवारी, सोमवार

त्र्याण्णव. ताईने आकडा लिहिला आणि म्हणाली, "एका आठवड्यात एक किलो?" मी म्हटलं, आहेस कुठे. ती हसली नाही. काल डायलिसिस नव्हतं, अंगात पाणी साठलेलं असतं, चेहरा सुजतो, त्यामुळे असेल.

२० जानेवारी, सोमवार

त्र्याण्णव. हललं नाही.

ताई आज माझ्या आधीच खाली येऊन बसली होती. म्हणाली जाग लवकर आली, म्हणून जरा झाडून घेतलं. मी रागावलो. डाव्या हातात डायलिसिसच्या सुयांसाठी शिरांचा जोड केलाय, त्या हाताने झाडू मारतात का?

दुपारी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेलो. गिऱ्हाइकं तक्रार करतात म्हणाला. त्याचा काटा रिकामा असतानाच चाळीस ग्रॅम दाखवत होता. मी त्याला वडिलांचा धडा दिला, की कोणताही काटा आधी रिकामा बघायचा, मग त्यावर काही ठेवायचं. म्हणाला, रोज हाच वापरतो हो, कशाला बघू. मी म्हटलं, तिथेच माणूस फसतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल पुन्हा त्र्याण्णव. एक महिना अर्धं ताट भाज्या खाऊन मी फक्त एक किलो कमावला. कोबी आता समोर आला की मान खाली घालतो.

बायको म्हणते, "अहो, पँट किती ढगळ दिसतेय." मी म्हटलं, कापड धुऊन सैल पडलंय. ती म्हणाली, धुतल्यावर कापड आटतं. तिला काट्यातलं काही कळत नाही.

वाईट वाटलं. रात्री जेवल्यावर मात्र डोळा लागला तो थेट सकाळीच उघडला. बऱ्याच दिवसांत इतकी गाढ झोप आली नव्हती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी बदलू नका सांगितलं होतं, मी बदललं. आठवडाभर तासांचा आहार केला. संध्याकाळी सातला जेवायचं, त्यानंतर दुसऱ्या दिवशी बारापर्यंत फक्त पाणी आणि काळा चहा. पहिले दोन दिवस मी साधुपुरुष झालो होतो. तिसऱ्या दिवशी गोदामातल्या मोठ्या काट्याखाली वाकून काम करताना डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पाना हातातून सुटून गोदामवाल्याच्या पायावर पडला. तो सज्जन आहे, एकच शिवी दिली. बारा वाजता घरी जाऊन मी जे जेवलो त्याला जेवण म्हणत नाहीत. कालच्या सोमवारी साडेब्याण्णव. तास बंद.

ताईला सांगितलं तर म्हणाली, "मापट्या, उपाशी राहून कुणाचं भलं झालंय? सोड की नाद. मला काय, सवय झालीय मशीनची." मापट्या म्हणजे मी. लहानपणी उंचीला कमी आणि रुंदीला भरपूर होतो म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव.

१९ फेब्रुवारी, बुधवार

घासांचा हिशेब सुरू केला. मोजमाप हा माझा धंदा, तेव्हा हा आहार तरी माझ्यासाठीच बनवलाय असं वाटलं. सोनाराचा दुरुस्तीला आलेला काटा घरी आणला आणि त्यावर शेंगदाणे मोजले. एक शेंगदाणा दर वेळी सारखा भरत नाही, मग दहा मोजून सरासरी काढली. ऑलिव्हचं तेल चमच्याला किती चिकटून राहतं ते मोजलं. सूप निवून गेलं. बायको म्हणाली, "तुमचं झालं की सांगा, तोवर मी एक डुलकी काढते."

तीन दिवसांत कंटाळलो. शेंगदाण्याचं वजन कळलं, पण मला चौथ्या वाटीची भूक का लागते ते काही त्या काट्यावर दिसेना. परत ताटाच्या आहारावर आलो. फार विचार करून नव्हे, त्यात मोजायचं काही नसतं म्हणून.

३ मार्च, सोमवार

त्र्याण्णव. आता हा आकडा मला तोंडपाठ झालाय, ताई मी सांगायच्या आधीच लिहिते.

समन्वयक बाईंचा फोन आला होता. इस्पितळातली ही बाई दाते आणि घेणारे यांच्यामध्ये सगळं जुळवून आणते. वजन अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेलं की कळवा, मग तपासण्यांची तारीख देते, असं तिने जानेवारीतच सांगितलं होतं. मी म्हटलं, अजून नाही हो, त्र्याण्णववर अडलंय. ती म्हणाली, "हरकत नाही. एकदा इकडे येऊन इथल्या काट्यावर बघायचं का?" मी म्हटलं, तुमच्या काट्यापेक्षा माझा पक्का आहे. फोन ठेवला आणि शीळ घालत घरी जेवायला गेलो. बायकोने विचारलं, काय हो, चांगली बातमी का? मी म्हटलं, नाही, तीच.

६ मार्च, गुरुवार

ताईबरोबर इस्पितळात चार तास. सुया टोचायच्या आधी तिचं वजन करतात आणि सुया काढल्यावर पुन्हा. मधला फरक म्हणजे तिच्या अंगातून काढलेलं पाणी. आज पावणेतीन किलो निघालं. तिला दिवसाला पाण्याचे फक्त पाच पेले. औषधं त्यातच, सूपही त्यातच. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने मला विचारलं, तुम्ही कोण? ताई म्हणाली, "धाकटा भाऊ. खायचा शौकीन आहे." मी कोबीबद्दल गेले दोन महिने हिच्यासमोर किती रडलो ते आठवून मी कानकोंडा झालो.

परतताना गाडीत तिच्या पायात गोळे आले. मी गाडी कडेला घेऊन पोटऱ्या दाबत बसलो. ती डोळे मिटून म्हणाली, "तुला सुईची भीती वाटते का रे अजून?" मी म्हटलं, मोठा झालोय आता. तरी तिने दोनदा विचारलं.

१४ मार्च, शुक्रवार

आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. वही दाखवली, तीन आहार बदलले तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "म्हणजे दहापैकी आठ आठवडे तुम्ही ताटाच्याच आहारावर होतात. जमतंय की." मग फीत काढून कमर मोजली. जानेवारीपेक्षा सात सेंटिमीटर कमी. त्यांच्या भुवया वर गेल्या. म्हणाल्या, "इथे चढा जरा काट्यावर." मी म्हटलं, बाई, तो काटा भिंतीला टेकलाय आणि खाली गालिचा आहे, त्यावर मी माझं मांजरसुद्धा मोजणार नाही. फितीचं काय, शिंप्याची वस्तू, ओढली तर ओढली.

त्यांनी फीत गुंडाळून ठेवली. "तुम्हाला वजन कमी झालेलं हवंय ना?" असं विचारलं. हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या जिवाचा प्रश्न आहे.

२२ मार्च, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

ताईला घेऊन बायको डायलिसिसला गेली होती. दुपारी जनावरांची डॉक्टरीण आली, दोरीला एक केसाळ कुत्रा. तिच्या दवाखान्याचा काटा माझ्याकडे दुरुस्तीला पडलाय, आणि कुत्र्याला भूल द्यायची तर वजन कळायला हवं. कुत्रा पाटावर उभा राहीना. मी म्हटलं, मी त्याला उचलून चढतो, माझं वजन वजा करू. चढलो. कुत्र्याने माझं तोंड चाटून घेतलं. दोघांचे मिळून एकशे आठ. मी म्हटलं, माझे त्र्याण्णव गेले, पंधरा किलो.

डॉक्टरीण म्हणाली, "काहीतरीच. हा वीसच्या खाली शक्यच नाही. पंधराच्या हिशेबाने भूल दिली तर मध्येच उठून बसेल माझ्या टेबलावर." मला राग आला. म्हटलं, गेल्या सोमवारचा आकडा आहे, लिहून ठेवलेला. ती म्हणाली, "मग आत्ता एकटे चढा."

चढलो. अठ्ठ्याऐंशीच्या खुणेवरही दांडी वर जाईना. वजन मागे घेत घेत सत्याऐंशी पॉइंट नऊवर थांबली.

ती वीस किलो शंभर ग्रॅम लिहून कुत्र्याला घेऊन गेली. मी शटर अर्धं ओढलं. कडी काढून रिकामी दांडी बघितली, बरोबर मध्ये. शिक्क्याची वीस किलोची वजनं एकेक करून चार ठेवली, बरोबर ऐंशी. काटा चोख आहे. मग पाच दिवसांत पाच किलो कुठे गेले? आजारी तर पडलो नाही ना मी? बायकोला काही बोललो नाही.

२४ मार्च, सोमवार

ताई नेहमीसारखी आधीच खाली होती. तिला म्हटलं, माझा चष्मा वर राहिला असेल, बघतेस का. ती जिना चढून गेली. मी पाटावर न चढता कडी काढली.

रिकामी दांडी टाणकन वर आपटली.

दांडीच्या मागच्या टोकाला शून्य लावायचा नट असतो. तो जेवढा फिरवाल तेवढी दांडी खोटं बोलते. तीन-साडेतीन आटे फिरवलेला होता, आणि पितळेवर पान्याचा एकही ओरखडा नव्हता. असा हात या गावात एकाच माणसाचा आहे.

मी कडी लावली. ती चष्मा नाही म्हणून खाली आली, चष्मा माझ्या खिशात होता. मी पाटावर चढलो, वजन सरकवलं, म्हणालो, "साडेब्याण्णव." तिने लिहिलं.

आणि मी गप्प बसलो. हे मला इथे लिहायलाच हवं. तिने काय केलं ते मला कळलं होतं, ओरडायला हवं होतं, आणि मला काय वाटलं तर सुटलो. अजून एक आठवडा तरी सुटलो. दुपारी बायकोने केलेलं ताट जेवलो, भाज्या अर्ध्या, भात मोजका, आणि मनात हिशेब करत होतो की हे असं किती दिवस चालवता येईल.

म्हणजे आहार लागू पडत होता. मी ज्याला नावं ठेवली त्यानेच दर आठवड्याला अर्धा किलो मुकाट्याने उतरवला. आणि तिने दर सोमवारी तेवढाच परत चढवला.

२७ मार्च, गुरुवार

ताईला डायलिसिस चालू असताना रक्तदाब उतरून शुद्ध गेली. मिनिटभरच. परिचारिकेने पाय वर केले, मशीन थांबवलं, सगळं त्यांना सवयीचं. मी बाजूला उभा होतो, हातात तिचा चष्मा. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "जेवलास का तू?"

घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. माझ्या खिशात पाच किलोचं निमित्त घालून मी हिंडतोय आणि ती तिथे पाय वर करून पडली होती.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी शटर उघडलंच नाही. वर ताईकडे गेलो. ती खिडकीपाशी खुर्चीत होती, पाण्याचा दुसरा पेला पुढ्यात. मी समोर स्टुलावर बसलो आणि एवढंच म्हटलं, "ताई, सोमवारी मी रिकामी दांडी बघितली."

तर तिचं पहिलं वाक्य काय, "दुकानात खोटा काटा मी एक तासही ठेवला नाही हां. तू वळलास की नट परत जागेवर. एकाही गिऱ्हाइकाला त्याचा त्रास नाही."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. म्हटलं, गिऱ्हाइकं खड्ड्यात जाऊ देत, माझ्याशी का केलंस?

"तुला सातव्या वर्षी टॉन्सिल्स काढायला नेलं होतं. बाबा बाहेर बसले, टेबलापर्यंत मी आणलं तुला. तू माझं बोट सोडत नव्हतास. त्यांनी एकेक बोट उलगडून तुला माझ्यापासून काढलं. पंधरा वर्षांची होते मी." तिने पेला उगाच फिरवला. "आता परत तुला तिथे नेऊन सोडायचं, तेही माझ्यासाठी? पहिल्या आठवड्यात किलो उतरला तेव्हाच मी हबकले. म्हटलं, हा खरंच जाईल."

"अगं, मग नको म्हणायचं होतंस."

"म्हटलं. चार वेळा म्हटलं. तू कधी ऐकतोस?"

तेव्हा मी सांगून टाकलं. की दर सोमवारी पाटावरून उतरताना मला बरं वाटायचं. की मी तिच्यासाठी आहार करत होतो आणि तो फसला की शांत झोपायचो. सोमवारी कळल्यावरही गप्प बसलो, चार दिवस. मला वाटलं होतं हे ऐकून ती तुटेल. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "माहीत आहे. आकडा सांगितलास की तुझे खांदे खाली यायचे. ते बघूनच मी दुसऱ्या सोमवारी परत फिरवला. तू घाबरलायस हे मला तुझ्याआधी कळलं, मापट्या."

खाली कुणीतरी शटर वाजवून गेलं.

मग मी म्हटलं, काल तू बेशुद्ध झालीस. ती म्हणाली, होते कधीकधी. मी म्हटलं, मला ते परत बघायचं नाही, आणि तुला मला टेबलावर सोडायचं नाही, यातलं एक काहीतरी आपल्याला सोसावं लागणार. माझं भिऊन झालंय, म्हणजे संपलं नाही, पण भीत भीत जाईन. तू जा म्हणालीस तरच जाईन मात्र. तुला नकोच असेल तर ते तोंडावर सांग, नट फिरवू नकोस.

ती म्हणाली, "मला जगायचंय रे." इतक्या हळू, की जणू काही वाईट बोलत होती. दीड वर्षात हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ती बोलून गेली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

३१ मार्च, सोमवार

सत्याऐंशी पॉइंट चार. मी पाटावर, ताईने स्वतः वजन सरकवलं. समन्वयक बाईंना फोन केला.

आता कागद तीन नाहीत, एकच आहे, भिंतीला चिकटवलाय. मी हा आहार निवडला असं आहारतज्ज्ञ बाईंना मोठ्या तोंडाने सांगितलं, पण खरं म्हणजे मी त्याच्याकडे काणाडोळा करत होतो तेव्हाही तोच माझ्याबरोबर राहिला. पाव-भात बंद केला होता तेव्हा मला रोज वाटायचं की हे कधी एकदा संपतंय. याचं संपणं मला दिसत नाही आणि त्याचा त्रासही होत नाही. कोबी मात्र अजून आवडत नाही. बाई म्हणाल्या, मग कोबी नका खाऊ, कुणी सांगितलंय. हे जानेवारीतच विचारायला हवं होतं.

९ एप्रिल, बुधवार

इस्पितळात सबंध दिवस. रक्त, लघवी, छातीचा फोटो, पोटाचा फोटो. त्यांच्या काट्यावर सत्याऐंशी पॉइंट एक. माझ्या काट्यावरच्या परवाच्या आकड्यापेक्षा शंभर ग्रॅमने कमी, पण मी काही बोललो नाही.

दुपारी समन्वयक बाईंनी मला एकट्याला खोलीत घेतलं आणि दार लावलं. ताई बाहेर बाकावर. बाईंनी समोर कागद ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "हे आम्ही प्रत्येक दात्याला विचारतो. तुम्हाला द्यायची नसेल तर आत्ता सांगा. कारण विचारणार नाही. बहिणीला आम्ही एवढंच कळवू की तपासण्यांत तुम्ही बसत नाही. त्यांना कधी कळणार नाही."

इतकं स्वच्छ, बिनबोभाट निमित्त मला आयुष्यात कुणी देऊ केलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी मी ते दोन्ही हातांनी घेतलं असतं आणि घरी जाऊन गाढ झोपलो असतो.

मी म्हटलं, "बाई, मला भीती वाटते, हे लिहा."

"त्यासाठी रकाना नाही. हो किंवा नाही, एवढंच आहे."

"मग हो लिहा."

त्यांनी लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला. माझी पहिली सही ओळखू येईना, म्हणून त्यांनी शेजारी दुसऱ्यांदा करायला लावली. मग दार उघडून त्या बाहेर गेल्या आणि घ्यायची की नाही हे विचारायला ताईला आत घेऊन आल्या. मी बाहेर पडताना ताईने माझं बोट धरलं, घट्ट धरलं, आणि दार लागायच्या आधी स्वतःहून सोडलं.